वडपांगरीची नोंद

राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत आलेल्या माणसाला सोमेश्वरच्या दुकानात नारळ मिळतो, दूर्वांची जुडी मिळते, पेढे मिळतात. पेढ्यांचा रिकामा खोका मागितला तर मात्र मिळत नाही. "ते आमच्या घरात लागतात," असं सांगून सोमेश्वर पिशवी पुढं करतो. एकदा एका पाहुण्यानं घरी बसल्या बसल्या फळीवरचा खोका पेढ्याच्या आशेनं उघडला, तर आत नुसते कागद. "वहिनी, हे काय हो? पेढ्याच्या जागी पत्रिका?"

"त्या खोक्यात भोकरदन आहे," सोमेश्वरची बायको दैवशाला म्हणाली. "झाकण नीट लावा."

मागच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर असे खोके ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर एका गावाचं नाव. आत लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं, छापील बाजू मागं आणि कोरी बाजू पुढं. दुकान मंदिरापाशी असल्यानं पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी सोमेश्वरला, असा सगळ्या पंचक्रोशीचा रिवाज. त्यामुळं कार्डांना तोटा नाही. जालना जिल्ह्यातल्या जुन्या वस्त्या, पांढरीची म्हणजे उठून गेलेल्या गावांच्या मातीची टेकाडं, नाणी, मूर्ती, बारवा, शिलालेख यांच्यावर आजवर जिथं जे छापून आलं, त्यातल्या एकेका लेखाचं एकेक कार्ड. कोणी लिहिलं, कुठं छापलं, कोणत्या साली, कोणत्या पानांवर, आणि खाली दोन ओळींत आत काय आहे ते.

दैवशालाचं माहेर घनसावंगीकडचं. बाप मेंढरं विकून शेतीला लागलेला, आणि पोरगी शिकावी म्हणून अडून बसलेला. इतिहास घेऊन ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, आणि परीक्षा सासरी येऊन दिली. पुढं ग्रंथालयाचा कोर्स केला. नोकरी काही लागली नाही. दोन लेकरं मोठी झाली, एक पुण्याला गेलं, एक जालन्याला. मंग एके दिवशी जालन्याच्या इतिहास मंडळाचे अंगद सर दर्शनाला आले, दुकानात टेकले, आणि पेढे बांधता बांधता बोलणं निघालं.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले, आवाज हळू, मिशी मोठी. मंडळाला जिल्ह्याची सूची करायची होती आणि करणारं कुणी मिळत नव्हतं. "लेख लिहायला सगळे तयार असतात," सर म्हणाले. "कोणी काय लिहिलंय ते मांडून ठेवायला कोणी बसत नाही. नाव होत नाही ना त्यात."

पहिल्याच बैठकीत त्यांनी तिला सूचीचा इतिहास सांगितला. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल निघत, तेही इंग्रजीत, हैदराबादेत छापलेले. पुढं पुण्या-नागपुराकडं, मुंबईकडं लेख येऊ लागले. भोकरदनला खोदकाम झालं, त्याचा अहवाल निघाला. काही दिवाळी अंकांत, काही शाळांच्या स्मरणिकांत. एका माणसाच्या डोक्यात हे सगळं मावेना, म्हणून सूच्या आल्या. आणि गंमत म्हणजे हिंदुस्थानातल्या जुन्या अवशेषांवर दरसाल काय काय छापलं, याची मोठी सूची शंभरेक वर्षांपूर्वी सुरू झाली ती पार नेदरलँड्समधल्या लायडन गावात. तिथली माणसं देशोदेशीची पुस्तकं मागवायची, वाचायची आणि नोंदी करायची. पुढं ते काम थांबलं, मंग पुन्हा सुरू झालं, आता ते कॉम्प्युटरवर गेलं.

"तिकडं बसून आपल्याकडचं?" दैवशालाला नवल वाटलं.

"हो. पण आपल्या तालुक्याच्या स्मरणिकेत काय आलं ते त्यांना कोण कळवणार? ते आपणच करायचं. आणि एकच नियम. पाहिल्याशिवाय नोंद नाही. एका सूचीतून दुसऱ्या सूचीत उतरवायचं नाही. मूळ लेख हातात घ्यायचा, पान उघडायचं, मंगच कार्ड."

दैवशालाला हा नियम फार आवडला. घरी येऊन तिनं सोमेश्वरला तो आपल्या भाषेत सांगितला. "सुईणीनं सांगितलं म्हणून बारसं करायचं नाही. बाळ बघायचं."

"आन् बाळ जालन्याला असलं तर?"

"तर जालन्याला जायचं."

ती गेली. जालन्याला गेली, संभाजीनगरला गेली, जीपमध्ये टपावर पोरांची दप्तरं आणि आत माणसं कोंबलेली असताना मांडीवर खोका घेऊन गेली. ग्रंथालयांतल्या शिपायांना राजूरचा प्रसाद पोचला. लोक म्हणायचे, बाईला वेड लागलं. सोमेश्वर म्हणायचा, "लागू द्या. वेड घरात बसून राह्यलं तर तरास. हे तर येष्टीनं फिरून राह्यलंय."

एक कार्ड तिनं शेवटाला ठेवलं होतं. ते घरचं म्हणून. सासरचं मूळ गाव वडपांगरी, धावड्याच्या अलीकडं, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायाला. गावाच्या उत्तरेला पांढरीचं भलं मोठं टेकाड. खापरं, विटा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पायाखाली येतात. सगळ्या गावाची जुनी घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची; पावसाळ्याआधी बायका टेकाडाला हळदकुंकू वाहायच्या, पाट्या भरून पांढरी माती न्यायच्या आणि धाब्यावर थापायच्या, म्हणजे घर गळत नाही. आता घरांवर स्लॅब आले. मातीची गरज सरली, तशी ट्रॅक्टरची ट्रॉली आली. पांढरी शेतात टाकली की पीक जोरात येतं म्हणून. पूर्वेची बाजू तर खरवडून खरवडून जमिनीला लागली होती.

उरलेलं टेकाड राहिलं ते दैवशालाच्या सासऱ्यांमुळं. राधाकिसन मामा ट्रॉलीपुढं उभे राहायचे आणि एकच वाक्य म्हणायचे. "ह्या टेकाडाचं पुस्तकात लिवलेलं हाय. हात लावायचा न्हाई."

आणि ते वाक्य त्यांच्या तोंडी दिलं होतं दैवशालानंच. नवी नवरी असताना कॉलेजच्या ग्रंथालयात तिनं एका जुन्या सूचीत आपल्या सासरच्या गावाचं नाव पाहिलं. गोरक्षनाथ गुरुजी, 'वडपांगरीची पांढर', इतिहास परिषदेचा अमुक खंड, साल, पानं. तिनं ते उतरवून आणलं आणि सासऱ्यांना वाचून दाखवलं. मामांना गुरुजी ठाऊक होते. ते गावच्या शाळेवर होते, मामांच्याच ओसरीवर राहायचे, सुटीच्या दिवशी टेकाडावर दोरी घेऊन मोजमाप करायचे. "म्हणलेच व्हते गुर्जी, छापून येणार म्हणून!" मामांनी त्या दिवशी गावात साखर वाटली.

तर सूची गुढीपाडव्याला छापायला जायची होती, आणि दिवाळीनंतर दैवशाला ते शेवटचं कार्ड करायला निघाली. संभाजीनगरच्या ग्रंथालयात तो खंड मिळाला. तिनं मोठ्या हौसेनं पान उघडलं. त्या पानावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या तांब्याच्या नाण्यांवर लेख होता.

तिला वाटलं, पानाचा आकडा चुकला. अनुक्रमणिका पाहिली. मागचे-पुढचे खंड मागवले, सगळे चाळले. गुरुजींचं नाव कुठं नाही, वडपांगरी कुठं नाही. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "काही हरवलं का वो?" ती म्हणाली, "हो. गाव हरवलं."

मंग ती उलटी निघाली, सूचीवरून आधीच्या सूचीकडं. तीन सूच्यांत ही नोंद होती. सगळ्यांत अलीकडच्या सूचीत पानं दिलेली. ती खालच्या ओळीतल्या नाण्यांच्या लेखाचीच, वरच्या ओळीला चिकटलेली. मधल्या सूचीत पानं नव्हती, नुसतं साल. आणि सगळ्यांत पहिल्या सूचीत नावापुढं एक बारीक तारा होता. त्या सूचीच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं: तारा असलेले निबंध परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवरून घेतले आहेत. अंगद सरांच्या पेटीत ती कार्यक्रमपत्रिका निघाली. दुपारच्या सत्रात गुरुजींचं नाव छापलेलं. आणि परिषदेच्या वृत्तांतात त्याच सत्राखाली एक ओळ: निबंधवाचक अनुपस्थित.

कार्यक्रम ठरला म्हणून नाव छापलं, नाव छापलं म्हणून नोंद झाली, नोंद झाली म्हणून पुढच्यांनी उतरवली. निबंध जन्मालाच आला नव्हता.

"असं होतं," सर म्हणाले. "मोठमोठ्या सूच्यांतही होतं. आपण तारा लावून ठेवू. गाव गळायला नको."

"तारा एकदा गळलाच आहे, सर. पुढच्याच्या हातून पुन्हा गळेल."

सरांनी मिशीवरून हात फिरवला. "मंडळातले लोक म्हणतील, एवढ्या एका नोंदीनं काय बिघडतं?"

"माझं घर बिघडतं," ती म्हणाली. "सासरे त्या नोंदीवर टेकाड धरून बसलेत. नोंद काढली तर टेकाड जाईल. आणि ठेवली तर फळीवरच्या एवढ्या कार्डांना अर्थ काय? माझं एक कार्ड न बघता केलेलं आहे हे मला ठाऊक असलं, तर बाकीच्यांवर कोणी कामून विश्वास ठेवावा?"

सर म्हणाले, "तुम्ही ठरवा. तुमचा निर्णय मला मान्य राहील."

ती थेट वडपांगरीला गेली. अंगणात लाल मिरची वाळत पडली होती. मामा बाजेवर, आणि त्यांची थोरली बहीण सोनूबाई मिरचीचे देठ खुडत बसलेली. नवरा लवकर गेला तेव्हापासून त्या माहेरीच राहिल्या होत्या, आणि भावाला टोचायची एकही संधी सोडत नव्हत्या. दैवशालानं पाणी पिऊन सगळं सांगितलं, काही मागं ठेवलं नाही.

मामा बाजेवर उठून बसले. "म्हंजी गुर्जी खोटं बोलले?"

"न्हाई मामा. पत्रिका छापली, लग्न लागलं न्हाई. एवढंच झालं."

"मला याद हाय," सोनूबाई म्हणाल्या. "त्याच हिवाळ्यात गुर्जीची बदली झाल्ती. घनसावंगीला. बायको दुखण्यात, लेकरू कडेवर. जाताना माझ्याकडून दळण घेऊन गेल्ते. कशाची परिषद आन् कशाचं काय!"

"मंग म्या इतकी वर्सं गावाला काय सांगून राह्यलो?" मामांनी विचारलं.

"जे मी तुम्हाला वाचून दाखवलं ते. चूक माझी आहे. मी सूची बघितली, लेख बघितला न्हाई."

मामांनी मिरचीवर बसलेली चिमणी हाकलली. "सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. सरपंच कडूबा टेकाड सपाट करायचा ठराव आणून राह्यलाय, पोरांना खेळायला मैदान म्हणून. तवर तू तोंड बंद ठेव. तुला कोन इचारतंय? सभा होऊन जाऊ दे, मंग तुझ्या सूचीतून काय काढायचं ते काढ."

"मामा, तुम्ही सभेत ते वाक्य म्हणाल आणि मी खाली बसलेली असेन. मला जमणार न्हाई."

"मंग येऊ नको सभेला."

"येणार."

मामा उठून आत गेले. तिनं केलेला चहा तसाच निवला. सोनूबाई म्हणाल्या, "रागावला. चहा सोडला म्हंजी बिलकुल रागावला. बैस तू."

ती बसली नाही. टेकाडावर चढून गेली. वरून गाव दिसत होतं, धाबी कमी आणि स्लॅब जास्ती, मधे शाळेचं एवढुसं अंगण. कडूबाचं काही चुकत नव्हतं. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळत होती, आणि ट्रॉली आली की स्टम्प उचलून पळत होती. ती तिथंच एका दगडावर बसली. सूची म्हणजे जे छापलंय त्याची. जे लिहिलंच नाही ते सूचीत येत नाही, आणि तारा लावूनही येऊ नये. गुरुजींनी लिहिलं नाही. मंग लिहायचं राहिलंय, एवढंच.

खाली येऊन तिनं सोनूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुम्ही कोणत्या बाजूची माती आणायच्या?"

"कामून?"

"मला लिहायचंय."

"तू काय लिवणार? तुला काय म्हाईत टेकाडाचं?"

"मला काहीच न्हाई. म्हणून तर तुम्हाला विचारून राह्यले."

सोनूबाईंनी देठांचा ढीग बाजूला सारला. "कुठलीबी माती चालती असं वाटलं का तुला? पश्चिमेच्या अंगाची पिठासारखी, तीच धाब्याला. मधी एक राखेचा पट्टा हाय, ती माती घातली की पहिल्याच पावसात घर गळलं म्हणून समज. त्याच्या खाली इटा, हातभर लांब. त्या इटाच्या खाली परत चांगली माती, पण चिकट. ती चुलीला."

दैवशाला बघतच राहिली. राखेचा पट्टा, त्यावर एक वस्ती, त्याखाली विटांची एक वस्ती, त्याखाली आणखी जुनी. पुस्तकातला थरांचा नकाशा आत्याबाई धाबं गळतं की नाही यावरून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईंनी आपल्या वयाच्या बाया गोळा केल्या. टेकाडावर नुसता गलका. "इथून म्या पाटी भरायची!" "तू कुठली भरती, तुझी सासू भरायची, तू नुसती बसायची!" "बांगड्याचे तुकडे इथं सापडायचे, आम्ही पोरी बोटांत घालून मिरवायचो." प्रत्येकीची जागा ठरलेली होती, आणि प्रत्येकीचं धाबं कधी गळलं ते बाकीच्यांच्या बराबर ध्यानात होतं.

अंगद सर आले. खणायचं काही नाही, असं त्यांनी सगळ्यांना आधी बजावलं. ट्रॉल्यांनी कापलेल्या कडा होत्याच, त्याच साफ करून बघायच्या. टेप लावून मोजायचं, फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, खापर उचललं तर कुठून उचललं ते पिशवीवर लिहायचं. दैवशाला लिहीत होती. सर कापलेल्या कडेचं चित्र काढत होते आणि मधेच थांबून सोनूबाईंना विचारत होते, "बाई, ही गळणारी की न गळणारी?"

मोजमापाच्या शेवटच्या दिवशी टेपचं एक टोक दैवशालाच्या हातात होतं आणि दुसरं धरायला कोणी नव्हतं; सर खाली कडेपाशी, बाया पाणी प्यायला गेलेल्या. तिनं टोकावर दगड ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला. इतक्यात टेप ताणला गेला. वर बघते तर मामा. दुसरं टोक मुठीत धरून उभे, मनगटावर काळा दोरा.

"गुर्जी असंच मोजायचे," ते म्हणाले. "दोरीचं टोक म्या धरायचो."

तिनं आकडा वाचला, लिहिला. उतरताना मामांनी विचारलं, "सभेला येणार का?"

"येणार मामा."

"ये."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, आणि शाळेच्या अंगणात ग्रामसभा बसली. दैवशाला बायांच्या रांगेत सोनूबाईंशेजारी. सरपंच कडूबा तरणा गडी, बोलायला धारदार पण मनानं सरळ. त्यानं पहिले विषय झपाट्यानं उरकले आणि टेकाडाचा विषय काढला.

"नाना," तो मामांना म्हणाला, "दर बारीला तुम्ही पुस्तकाचं सांगता. आम्ही कधी इचारलं न्हाई, मोठ्या माणसाचा मान म्हणून. पण आता तुमच्या सूनबाई त्याच कामात हायेत. आज पुस्तक दाखवाच. असंल तर मी ठराव मागं घेतो."

सगळ्या सभेची नजर बायांच्या रांगेकडं वळली. दैवशालानं पदर सावरला आणि ती उभी राहिली. पण तिच्या आधी मामा उठले होते. त्यांनी तिला हातानंच बसायला सांगितलं.

"पुस्तक न्हाई," मामा म्हणाले.

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"गुर्जीनं लिवायचं ठरवलं व्हतं. नाव छापलं गेलं, लिवणं राहून गेलं. मला वाटलं लिवलं. म्या खोटं सांगतलं न्हाई, पण जे सांगतलं ते खरं नव्हतं." त्यांनी बायांच्या रांगेकडं हात केला. "आता ह्या बाया लिवून राह्यल्यात. लिवून होईस्तोवर मातीला हात लावू नका, एवढं म्हणनं हाय."

मागून कोणीतरी हसलं. "आत्याबाई लिवणार? आत्याबाईंचा तर अंगठा!"

सोनूबाई बसल्या जागेवरून वळल्या. "अंगठा असू दे. तोंड तर हाय! तुझ्या बापाचं घर तीन पावसाळे गळत व्हतं. कोणाच्या मातीनं थांबलं, घरी जाऊन इचार त्याला. आन् मंग हस."

सभा खदखदून हसली. हसणाऱ्याचा बापच पुढच्या रांगेत होता. त्यानं मान डोलावली. "खरं हाय. सोनूबाईनंच जागा दावल्ती."

कडूबाही हसला, पण विषय सोडला नाही. "ते समदं ठीक. पण पोरांनी कुठं खेळायचं? रस्त्यावर? उद्या एखादं ट्रॅक्टरखाली आलं मंग?"

आता दैवशाला उठली. "पूर्वेची बाजू बघा, भाऊ. तिकडची माती केव्हाच गेली, खालचा मुरूम उघडा पडलाय. आम्ही मोजलीय. शाळेच्या अंगणापेक्षा ती चांगली मोठी आहे, आणि सपाटच आहे. तिथं मैदान करा. जे गेलं ते पोरांना द्या. जे उरलंय त्याला पाडव्यापर्यंत हात लावू नका. मंडळाच्या त्रैमासिकात लेख येईल. तो आला की गावानं वरच्या खात्याला अर्ज करायचा, सोबत लेख जोडायचा."

"आन् पाडव्याला न्हाई आला तर?"

"तर मी इथं येऊन सांगेन की न्हाई आला. अशीच उभी राहून."

कडूबानं पंचांकडं बघितलं. मंग बायांकडं. "लिवा," तो ग्रामसेवकाला म्हणाला. "पूर्वेला मैदान. बाकी टेकाड पाडव्यापर्यंत जसंच्या तसं." आणि दैवशालाकडं वळून, "वहिनी, तुम्ही पाडव्याचा शब्द दिलाय. मी धरून बसणार."

"धरा," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते सोमेश्वरला विचारावं. भाजी करपली, एका गिऱ्हाइकाला नारळाच्या जागी नुसत्या दूर्वा गेल्या. तिनं लेख चार वेळा लिहिला. पहिला फार भावुक झाला, म्हणून सरांनी परत दिला. दुसरा फार कोरडा झाला, म्हणून तिनंच फाडला. तिसऱ्यात थरांचा क्रम चुकला, सोनूबाईंना फोनवर वाचून दाखवला तेव्हा त्या ओरडल्या, "राखेखाली चिकट? अगं राखेखाली इटा! ध्यान कुठं हाय तुझं?" चौथा गेला. त्यात पहिलीच ओळ होती की या टेकाडाचं पहिलं मोजमाप गोरक्षनाथ गुरुजींनी केलं होतं आणि ते छापलं गेलं नाही. लिहिणाऱ्यांत दैवशाला आणि अंगद सर; सांगणाऱ्यांत सोनूबाई आणि बाकी सगळ्या बाया, नावानिशी. छापखान्यात शाई सुकेना, मंग मजूर मिरची तोडायला गेले, मंग वीज गेली. दैवशाला रोज फोन करायची. छापखानेवाल्यानं शेवटी विचारलं, "बाई, तुमच्या घरचं लग्न आहे का?"

"तसंच समजा," ती म्हणाली. "आणि या वेळी लागलं पाहिजे."

पाडव्याच्या आधीच्या चतुर्थीला राजुरात मुंगीला वाट नव्हती. दुकानासमोर रांग, सोमेश्वर नारळ फोडून घामाघूम. तेवढ्यात सर एसटीतून उतरले, हातात बांधलेला गठ्ठा. आणि त्यांच्या मागोमाग वडपांगरीच्या जीपमधून मामा. मामा चतुर्थीला कधी येत नसत. गर्दी सोसत नाही म्हणायचे. आज नवं धोतर नेसून आले होते.

मागच्या खोलीत दैवशालानं गठ्ठा सोडला. त्रैमासिक हातात घेतलं, वास घेतला. मंग एक पत्रिका कापली, कोरी बाजू वर केली आणि पेन उचललं. फळीवरच्या 'धावडा परिसर' खोक्यात वडपांगरीचं आधीच एक कार्ड होतं. त्यावर तिनं लिहिलं होतं: असा निबंध नाही. नाव फक्त कार्यक्रमपत्रिकेत. पुन्हा शोधू नये. त्याच्या मागं हे नवं कार्ड लावायचं होतं.

"थांब," मामा म्हणाले. त्यांनी हात पुढं केला. "आधी दे इकडं."

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. अनुक्रमणिका काढली, बोट ओळीवरून सरकवत नेलं. नाव सापडलं, तसं पुटपुटत पानाचा आकडा वाचला. मंग पानं उलटू लागले, अंगठ्याला थुंकी लावून, एकेक, घाई न करता. बाहेरून सोमेश्वरनं हाक मारली, "अगं, पेढ्याचे खोके संपले, दोन दे!" कोणी हललं नाही.

मामांना पान सापडलं. वर टेकाडाचा फोटो, खाली मोजपट्टी, आणि एका कोपऱ्यात टेपचं टोक धरलेला हात. नुसता हात, मनगटावर काळा दोरा. मामांनी त्या हाताकडं बघितलं. पहिली ओळ वाचली, गुरुजींच्या नावापाशी बोट थांबलं. मंग शेवटचं पान काढून त्याचाही आकडा बघून घेतला.

"हाय," ते म्हणाले. "बराबर हाय. लिव आता."

तिनं लिहिलं.